मधुमेही मूल आणि आपली शाळा

आज मी आपल्यापुढे बोलायला बसलो आहे तो डॉक्टर म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. औषधांशी माझा संबंध डोकेदुखीच्या गोळीपलीकडे फारसा कधी आला नाही. परंतु चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात माझ्याच हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने मला जे शिकवले ते आपल्यासारख्या शिक्षकबंधुभगिनींना आणि गावोगावच्या पालकांना सांगावे, असे मनात आले.

डिसेंबरचा महिना होता. सकाळी अकराचा तास. प्रथम वर्षाचा वर्ग. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बाकावर डोके ठेवून बसलेली मला दिसली. मी नाव घेऊन हाक मारली. ती उठली, पण नीट उभी राहीना. मी काही विचारले तर तिचे उत्तर अडखळत आले, आणि सूर जरा चिडकाच लागला. वर्ग हसला. मला राग आला. मी म्हणालो, "रात्री जागायचं आणि वर्गात झोपायचं, हे इथं चालणार नाही. बाहेर जा, नळावर तोंड धुऊन या." ती निघाली. दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातच खाली बसली. बाहेर थंडी होती, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

तिची मैत्रीण धावली. तिने आपल्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली, त्यातली साखर पाण्याच्या बाटलीत घातली, बाटली हलवली आणि तिच्या तोंडाला लावली. दहा-पंधरा मिनिटांत ती मुलगी पहिल्यासारखी झाली. मग मैत्रीण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तिला शुगर आहे. पण कुणाला सांगू नका." एखादी चोरी कबूल करावी, तसा तिचा आवाज होता.

श्रोतेहो, आमचा नळ जिन्याच्या खाली आहे. ती मुलगी माझे ऐकून एकटी त्या जिन्यावरून खाली गेली असती, तर काय झाले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. तेव्हा तिने मला आपली हकिकत सांगितली. पुरंदर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. सहावीत असताना हा आजार निघाला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिचे वडील शाळेत सांगायला गेले. तिथले मुख्याध्यापक स्वभावाने चांगले, पण ते म्हणाले, "उद्या पोरीला काही झालं तर जबाबदारी कुणाची? सध्या घरी ठेवा. बरी झाली की पाठवा." बरी झाली की! हा आजार आज तरी बरा होत नाही. तो सांभाळायचा असतो. हे त्या मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हते आणि वडिलांनाही नीट सांगता आले नाही. शेवटी वडिलांनी तिचे नाव शेजारच्या गावच्या शाळेत घातले, आणि तिथे मात्र कोणालाच काही सांगितले नाही. आईनेही बजावले, "बोलू नकोस. उद्या लग्न जमायचं नाही." मग पुढची पाच वर्षे ती मुलगी दुपारचे इंजेक्शन शाळेच्या संडासात उभी राहून घेत असे. कधी भीतीने घेतही नसे.

मी त्या मुख्याध्यापकांना दोष देत नाही. त्यांनी न कळून केले आणि मीही न कळून केले. म्हणूनच म्हणतो, हे कळून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. एका तासात शिकता येण्याजोगे आहे.

आता हा आजार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. त्यात इन्सुलिन नावाचा रस तयार होतो. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची शरीरात साखर होते आणि ती रक्तात उतरते. पण रक्तातून ती स्नायूंच्या पेशींत शिरायची, तर इन्सुलिन लागते. कणगी धान्याने भरलेली आहे पण तिचे तोंड बंद आहे, अशा घरात माणसे उपाशी राहतील की नाही? तसेच इथे होते. रक्तात साखर मावत नाही आणि शरीर मात्र उपाशी.

मोठ्या माणसांना, विशेषतः चाळिशीनंतर होणारा मधुमेह आपल्याला परिचित आहे. त्यात इन्सुलिन असते, पण कमी पडते किंवा नीट काम करीत नाही. लहान मुलांत बहुधा दिसतो तो निराळा. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह, टाइप वन, म्हणतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज आहे, तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मग बाहेरून इन्सुलिन दिल्यावाचून ते मूल जगू शकत नाही. म्हणजे हे इंजेक्शन नुसते औषध नव्हे; आपल्याला जसे अन्नपाणी, तसे त्या मुलाला ते आहे.

हा भेद आपल्या पूर्वजांच्याही नजरेतून सुटला नव्हता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, किडकिडीत माणसाला होणारा. दुसरा अपथ्यामुळे होणारा, स्थूल माणसाचा. भेद कळला होता, पण पहिल्यावर इलाज हाती नव्हता. तो यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम करून हा रस वेगळा काढला, आणि जेम्स कॉलिप यांनी तो माणसाला टोचता येईल इतका शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. मरणाच्या दारात असलेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी असे मूल फार तर वर्षदोन वर्षे जगे, आणि तेही उपासमार करून. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि योगायोग पाहा. बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणून १४ नोव्हेंबर हा जगभर मधुमेह दिन पाळतात. आपल्या शाळांतून तो पंडित नेहरूंची जयंती म्हणून, बालदिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फुगे आणि खाऊ यांच्या जोडीला शाळेत या विषयावर अर्धा तास बोलले गेले, तर मला वाटते बालदिनाला शोभेलच.

"अहो, पण आमच्या शाळेत कुठे असे मूल आहे?" असे आपण म्हणाल. कदाचित नसेल. कदाचित असेल आणि माझ्या विद्यार्थिनीसारखे लपून असेल. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे वीस वर्षांखालील अशा मुलामुलींची जगातली सर्वांत मोठी संख्या भारतात आहे. ती सव्वादोन लाखांच्या वर जाते. आणि काही मुलांचा आजार तर अजून कोणाला कळलेलाच नसतो. तेव्हा शिक्षकाचे पहिले काम इथेच सुरू होते. एखादे मूल एकाएकी सारखे पाणी पिऊ लागले, तासाला दोनदा लघवीला जाऊ लागले, नीट जेवूनही महिन्याभरात वाळले, मरगळलेले दिसू लागले, किंवा आई सांगू लागली की मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करते आहे, तर "नाटक करतो" म्हणून त्याला दटावू नका. त्याच दिवशी पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगा. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन ही तपासणी होते. आठवडाभर थांबलात, तर तेच मूल उलट्या करीत, धापा टाकीत बेशुद्धीत दवाखान्यात जाईल.

आता आजार कळला आहे, मूल शाळेत येते आहे, असे धरू. शाळेची तयारी कशी करायची?

सत्राच्या आरंभी, नाहीतर मूल दवाखान्यातून परतेल त्याच आठवड्यात, एक तासाची सभा घ्या. मुलाचे आईवडील आणि जमल्यास आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा परिचारिका यांना बोलवा. सभेला केवळ वर्गशिक्षक नकोत. खेळाचे शिक्षक हवेत, कारण साखर मैदानावर उतरते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई हव्यात, कारण जेवणाची वेळ त्यांच्या हाती. शिपाईदादा हवेत, कारण मधल्या सुट्टीत मुले त्यांच्या नजरेखाली असतात. शाळेची गाडी असेल तर चालकही हवा. एका शिक्षकाला सारे समजावून दिले आणि तेच नेमके त्या दिवशी रजेवर असले, तर त्या शिकण्याचा उपयोग काय? मुलाची साखर उतरते तेव्हा ती जाणकार शिक्षक येईपर्यंत थांबत नाही. जो माणूस जवळ आहे, त्याला ते यायला हवे. माझ्या वर्गात मी जवळ होतो आणि मला येत नव्हते.

सभेत एक कागद तयार करा. एकच पान. त्यावर मुलाचे नाव, आईवडिलांचे आणि शेजारच्या एखाद्या जबाबदार माणसाचे फोन नंबर, डॉक्टरांचे नाव, इन्सुलिनच्या आणि खाण्याच्या वेळा, साखर उतरली की हे मूल कसे दिसते, त्याला काय द्यायचे, आणि फोन कोणत्या क्रमाने करायचे, एवढे डॉक्टरांच्या सहीने असावे. 'हे मूल' असे मी मुद्दाम म्हटले. एखादे गप्प होते, एखादे रडवेले होते, एखादे उगीच हसत सुटते. आईला ते बरोबर ठाऊक असते, तिला विचारा. या कागदाची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक वर्गाच्या हजेरीपटात ठेवा, म्हणजे बदलीवर आलेल्या शिक्षकाच्या ती आपोआप हाती पडेल. भिंतीवर मात्र लावू नका. आजाराची जाहिरात व्हायला नको.

दुसरी गोष्ट, एक डबा. बिस्किटाचा रिकामा डबा चालेल. त्यात साखर किंवा ग्लुकोजची पूड, चमचा, पेला, बिस्किटांचा पुडा आणि त्या कागदाची प्रत. झाकण घट्ट हवे, नाहीतर आपल्या आधी मुंग्यांना पत्ता लागतो. आणि हा डबा कुलपात ठेवू नका. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. मुलाच्या दप्तरातही साखरेची पुडी असावी आणि मैदानावर जाताना ती त्याच्या खिशात असावी.

आता मुख्य मुद्दा. साखर उतरल्याची लक्षणे ध्यानात ठेवा: घाम, हातपाय थरथरणे, चेहरा पांढराफटक पडणे, एकदम भूक लागणे, डोके दुखणे, चिडचिड, अडखळत बोलणे, विचारले त्याचे भलतेच उत्तर देणे, पेंग येणे. यांतले निम्मे आपण शिक्षक बेशिस्त म्हणून गणतो, हे लक्षात घ्या. यंत्रावर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली दिसली तर ती उतरली म्हणायची. यंत्र जवळ नसेल तर तपासणीची वाट पाहू नका. शंका आली की साखर द्या. शंका खोटी ठरली तर साखर थोडा वेळ वाढेल, एवढेच. पण शंका खरी असून आपण थांबलो, तर मूल बेशुद्ध पडू शकते.

किती द्यायची? लहान मुलाला दोन चहाचे चमचे आणि मोठ्याला तीन चमचे साखर, अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून. डॉक्टरांनी कागदावर निराळे माप लिहिले असेल, तर ते पाळायचे. चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. मुलाला जागेवरच बसवा. पंधरा मिनिटे थांबा, शक्य असेल तर तपासा, आराम नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटले आणि जेवणाला अवकाश असला, तर दोन बिस्किटे किंवा अर्धी पोळी द्या. आणि या सगळ्या वेळात त्याला एकटे सोडू नका. नळावर पाठवू नका, कार्यालयात पाठवू नका, घरी पाठवू नका. कोणाला तरी साखर आणायला धाडा, मुलाला नव्हे.

मूल बेशुद्ध झाले किंवा त्याला झटके येऊ लागले, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, मग पालकांना कळवा. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन दिलेले असेल आणि ते कसे द्यायचे हे शिकलेला माणूस हजर असेल, तर ते द्यावे.

सभेत हे नुसते सांगू नका, करून पाहा. एकाने मूल व्हावे, दुसऱ्याने डबा शोधावा, तिसऱ्याने साखरपाणी करावे. पाच मिनिटे चमचा शोधण्यातच गेली, तर ती सभेत गेलेली बरी.

याच्या उलट, साखर चढली तर मुलाला तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते. अशा वेळी "तास संपल्यावर जा" म्हणणे हा त्या मुलाचा छळ आहे. त्याला पाणी पिऊ द्या, जाऊ द्या. पोटात दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, श्वास जोरात चालू लागला, तोंडाला फळासारखा वास येऊ लागला, तर मात्र तातडीने दवाखाना. असे मूल त्या दिवशी खेळायला उतरवू नये.

इंजेक्शनची शिक्षकांना फार भीती वाटते. मोठी मुले ते स्वतः घेतात. त्यांना लागते ती एक स्वच्छ, आडोशाची जागा आणि आपला शांत चेहरा. संडास ही ती जागा नव्हे. लहान मुलाला आईवडिलांनी येऊन द्यावे, किंवा स्वखुशीने शिकलेल्या शिक्षकाने पालकांच्या लेखी संमतीने द्यावे. कोणावर सक्ती नको. पण मात्रा शिक्षकाने आपल्या मनाने कमीजास्त करायची नाही. वापरलेल्या सुया प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत साठवून पालकांकडे परत द्याव्यात. इन्सुलिनची चालू कुपी किंवा पेन उन्हात ठेवू नये आणि बर्फातही ठेवू नये. सावलीत, गारव्याला ठेवले तर साधारणपणे चार आठवडे टिकते. शाळेत फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून, तिच्यावर कोरड्या डबीत ठेवले तरी उन्हाळ्यात चांगला गारवा मिळतो.

शाळेच्या दिवसात धोक्याच्या जागा दोनतीनच आहेत. पहिली पोषण आहाराची. मुलाने जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेतले आणि गॅस संपला म्हणून खिचडीला तासभर उशीर झाला, तर साखर उतरलीच म्हणून समजा. म्हणून ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नको, आणि अशा मुलाला पंगतीत आधी वाढा. दुसरी जागा खेळाची. कवायत, कबड्डी, क्रीडामहोत्सव, सहल, किल्ल्यावरची चढण, यांत साखर झपाट्याने खर्च होते. आधी थोडे खाऊन जावे आणि साखर बरोबर न्यावी. पण खेळ बंद करू नये. तिसरी परीक्षेची. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात गोळ्या, फळे, थोडे खाणे आणि पाण्याची छोटी बाटली नेण्याची मुभा दिली. आपल्या दहावी-बारावीच्या मुलांसाठीही मुख्याध्यापकांनी मंडळाकडे आधीच लेखी अर्ज करून ठेवावा. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर वाद घालीत बसण्यात अर्थ नाही.

सणवारांचेही तसेच. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीचा मोदक, वर्गमित्राच्या वाढदिवसाची गोळी. "तुला नाही हं, तुला शुगर आहे," असे चाळीस मुलांसमोर म्हणू नका. पालकांना आदल्या दिवशी कळवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनचा मेळ घालून पुष्कळदा तेही थोडे खाता येते. मात्र कडक उपासाचा आग्रह अशा मुलाला कोणी करू नये.

श्रोतेहो, इथे एक गैरसमज बोलून दाखवतो. हल्ली शाळांतून साखरेविरुद्ध मुलांना सांगितले जाते. केंद्रीय मंडळाने २०२५ साली शाळांत साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. ते योग्यच आहे. जादा साखरेची सवय वाईट आहे, आणि मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाला ती हातभार लावते. परंतु तो धडा पाठ झालेला एखादा गुरुजी समोर थरथरणाऱ्या मुलाला म्हणेल, "अरे, तुला मधुमेह आणि तू साखर खातोस?" आणि हातातली पुडी काढून घेईल. असे होता कामा नये. हे मूल गोड खाऊन आजारी पडलेले नाही, आणि त्या क्षणी साखर हेच त्याचे औषध आहे.

दुसरा गैरसमज वर्गातल्या मुलांचा. हा आजार शिवल्याने लागत नाही, एका डब्यात जेवल्याने लागत नाही. हे परिपाठाच्या वेळी सरळ सांगावे. मुलाच्या आणि पालकांच्या मर्जीने, आणि नाव घ्यायचे की नाही तेही त्यांनीच ठरवावे. पुष्कळदा एकदोन जिवलग मित्रांना ठाऊक असले, तरी पुरते. माझ्या वर्गात त्या मैत्रिणीला ठाऊक होते, म्हणून निभावले.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. कोणी सांगेल, अमुक काढा घ्या, तमक्या महाराजांचा अंगारा लावा आणि सुया बंद करा. आपली श्रद्धा असेल ती असो. पण इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. या आजारात सुई थांबवणे म्हणजे मुलाचे प्राण धोक्यात घालणे होय. खेड्यात लोक असा सल्ला गुरुजींना विचारतात. गुरुजींनी या बाबतीत भीड ठेवू नये.

आणि मुलींच्या आईबापांना माझे हात जोडून सांगणे आहे. लग्नाच्या काळजीने आजार लपवला जातो. लपवलेली मुलगी वेळेवर खात नाही, वेळेवर टोचून घेत नाही, आणि शरीर मात्र त्याचा हिशेब ठेवते. पुढे डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर त्याची वसुली होते. नीट सांभाळलेल्या आजारात शिक्षण, नोकरी, संसार, मुलेबाळे सारे होऊ शकते. वसीम अक्रम हा जगप्रसिद्ध गोलंदाज १९९७ च्या सुमारास मधुमेही झाला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे खेळला. जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासून याच आजाराने इन्सुलिनवर आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याने सुवर्णपदक जिंकले. आपल्या आजाराची गोष्ट त्याने जगाला उघडपणे सांगितली ती मात्र २०२२ साली. त्याच्या पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या स्पर्धेत, मैदानावर सर्वांसमोर इंजेक्शन घेऊ नकोस, असे त्याला सांगण्यात आल्याची तक्रार त्याने केली. म्हणजे संडासात उभी राहून सुई घेणारी आमची मुलगी आणि तो विख्यात खेळाडू, दोघांचे दुःख एकच.

"पण सर, नियम काय सांगतो?" असे मुख्याध्यापक विचारतील. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे. आजारी आहे म्हणून घरी ठेवा, असे त्याला सांगता येत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये अशा मुलांची शाळेत काळजी घेण्याविषयी राज्यांना लिहिले, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशाच्या मूलभूत शिक्षण विभागाने साखर तपासणे, इन्सुलिन घेणे आणि मधे खाणे यांची मुभा देणाऱ्या सूचना काढल्या. तथापि मी म्हणेन, साखरपाण्याच्या एका पेल्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट कशाला पाहायची?

मदत आपल्या राज्यातच आहे. पुण्याला जहांगीर रुग्णालयात डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी अशा मुलांची वाढ आणि हाडांची बळकटी यांवर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट काढला, तो गरिबांच्या मधुमेही मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण मिळावे म्हणून. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची उडान ही संस्था याच मुलांसाठी काम करते. आणि शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा त्या डॉक्टरांनाच एक तास बसवून घ्या आणि सगळ्या शंका विचारून घ्या.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या महिन्यात आपल्या केंद्राची शिक्षण परिषद भरेल, तिथे हा विषय काढा. शाळेत असे मूल असो वा नसो, डबा आजच भरून ठेवा.

त्या मुलीचे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. ती यथाकाल बी.ए. झाली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली आणि पेढ्यांबरोबर तिने साखरेची एक पुडी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "सर, ही तुमच्या खणात असू द्या. पुढच्या वर्गात कुणीतरी असेल." त्या पुडीतली साखर मी दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. आणि नवे वर्ष सुरू झाले की पहिल्याच तासाला वर्गाला सांगतो, "कुणाला काही त्रास असेल तर तासानंतर मला येऊन सांगा. मी रागावणार नाही." गेल्या वर्षी दोघे येऊन सांगून गेले.